मार्क ट्वेनचे कागद आणि त्यांचे राखणदार

शाईदौत (मूळ लेख)

लेखक गेल्यावर त्याच्या टेबलावरच्या कागदांचे पुढे काय होते, याचा विचार आपण वाचक सहसा करत नाही. पुस्तक हातात असते, मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते आणि तेवढ्यावर आपले भागते. माझेही अनेक वर्षे भागत होते. नोकरीमुळे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीजवळ राहायला आल्यावर तिथल्या विद्यापीठाच्या बॅनक्रॉफ्ट ग्रंथालयात दोन-तीनदा जाणे झाले. ज्या कामासाठी गेलो होतो ते बाजूलाच राहिले आणि त्याच ग्रंथालयात असलेल्या 'मार्क ट्वेन पेपर्स अँड प्रोजेक्ट' या केंद्राच्या इतिहासात मी अडकलो. वाचनकक्षात पिशवी बाहेर कुलपात ठेवावी लागते, शाईचे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल चालते. ज्याच्या घरात पत्नीपासून प्रकाशकापर्यंत सगळ्यांनी त्याच्या मजकुरावर पेन्सिल चालवली, त्याच्या कागदांसमोर हा नियम वाचताना मला हसू आले, हे कबूल करतो.

ट्वेन २१ एप्रिल १९१० रोजी वारला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत हे कागद ओळीने सहा जणांच्या ताब्यात होते, आणि आपण जो ट्वेन वाचतो तो बऱ्याच अंशी या सहा जणांनी ठरवलेला आहे.

पहिला अल्बर्ट बिगलो पेन. आडनाव मराठीत लिहिले की लेखणी वाटावी, हा निव्वळ योगायोग. ट्वेनच्या अखेरच्या चार वर्षांत तो चरित्रकार म्हणून त्या घरात वावरत होता आणि मृत्यूनंतर वाङ्मयीन व्यवस्थापक म्हणून १९३७ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, सगळे कागद त्याच्याकडे राहिले. तीन खंडांचे चरित्र, पत्रांचे दोन खंड, आत्मचरित्राचे दोन खंड, टिपणवह्यांतला निवडक मजकूर असे बरेच काही त्याने छापले, आणि छापताना जे त्याच्या मनातल्या ट्वेनला शोभणार नाही ते गाळले. गाळण्यावरच तो थांबला असता तर गोष्ट वेगळी होती. १९१६ साली त्याने 'द मिस्टीरियस स्ट्रेंजर' ही ट्वेनची अखेरची कथा म्हणून प्रसिद्ध केली. ट्वेनने ही कथा तीन वेगवेगळ्या रीतींनी लिहायला घेतली होती आणि त्यांतल्या ज्या खर्ड्याला शेवट होता तो छापलेल्या कथेचा खर्डा नव्हता. पेन आणि हार्पर प्रकाशनाचा संपादक ड्यूनेका यांनी सर्वांत आधीचा खर्डा घेतला, त्यातला बराच मजकूर कापला, दुष्ट धर्मगुरूची कृत्ये ज्याच्या माथी मारता येतील असा एक ज्योतिषी त्यात आणून बसवला आणि शेवट दुसऱ्याच खर्ड्यातून आणून जोडला. हे सगळे वाचकाला न सांगता. १९६३ साली जॉन टकी या अभ्यासकाने मूळ कागद तपासून ही जोडाजोड उघडकीस आणली, तोपर्यंत सत्तेचाळीस वर्षे लोक या कथेवरून ट्वेनचे अखेरचे तत्त्वज्ञान मांडत होते. विल्यम गिब्सन यांनी मूळ खर्डे छापले ते १९६९ साली.

पेनचे एक पत्र या सगळ्या कारभाराची किल्ली आहे. १९२६ साली त्याने हार्परला कळवले की, जोवर आपल्याला अडवता येते तोवर ट्वेनवर दुसऱ्या कोणाला लिहू देणे चूक ठरेल. आपण जपलेला ट्वेन त्यामुळे बदलू लागेल आणि त्याबरोबर ट्वेन नावाच्या मालमत्तेची किंमतही उतरेल. मालमत्ता हा शब्द त्याचाच आहे, माझा नव्हे.

दुसरा राखणदार बर्नार्ड डिव्होटो. १९३८ साली तो आला तो पेनच्या अगदी उलट वृत्तीने. पण त्याच्या वर क्लॅरा होती. ट्वेनच्या चार अपत्यांपैकी वडिलांच्या मागे उरलेली ती एकटी, आणि छापण्याला अंतिम संमती तिची. डिव्होटोने १९३९ साली 'लेटर्स फ्रॉम द अर्थ' हा धर्मावर बोचरे भाष्य करणारा संग्रह तयार केला, तो क्लॅराने अडवला. तेवीस वर्षांनी, १९६२ मध्ये, तिने हरकत मागे घेतली आणि पुस्तक निघाले. तोवर डिव्होटोला जाऊन सात वर्षे झाली होती.

हे कागद बर्कलीला का आहेत, याचे उत्तर मला फारच आवडले. ट्वेनचा बर्कलीशी सांगण्यासारखा संबंध नाही. डिव्होटो हार्वर्डजवळ राहत असे म्हणून कागद हार्वर्डला होते. त्याच्या जागी १९४६ साली डिक्सन वेक्टर आला, तो दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात काम करत असे, म्हणून कागद तिकडे गेले. १९४९ साली त्याला बर्कलीत इतिहासाची प्राध्यापकी मिळाली, आणि आपल्याकडे बदली झालेल्या मामलेदाराचे सामान जावे तसे ट्वेनचे कागद त्याच्यामागोमाग बर्कलीला आले. पुढच्याच वर्षी वेक्टर अकाली गेला. कागद मात्र तिथेच राहिले, आणि क्लाराने ते बर्कलीच्या विद्यापीठाला मृत्युपत्राने दिले. ती १९६२ साली वारली.

वेक्टरनंतर तीन वर्षांनी हेन्री नॅश स्मिथ आले आणि कपाटे खऱ्या अर्थाने अभ्यासकांसाठी उघडली. त्यांच्यानंतर १९६४ पासून फ्रेडरिक अँडरसन, आणि अँडरसन १९७९ मध्ये गेल्यावर १९८० पासून रॉबर्ट हर्स्ट. हर्स्ट १९६७ साली विद्यार्थी असताना मजकूर ताडून पाहण्याच्या किरकोळ कामावर इथे लागले होते. ट्वेनची पत्रे छापताना त्यांनी अशी पद्धत बसवली की, ट्वेनने खोडलेला शब्द छापील पानावरही खोडलेलाच दिसतो, वर घुसवलेला शब्द घुसवलेलाच दिसतो. पेनने जे लपवले ते, निदान छपाईला जेवढे शक्य आहे तेवढे, उघड्यावर ठेवायचे.

जपणे म्हणजे काय याचा अर्थ एकाच कपाटापुढे शंभर वर्षांत असा बदलत गेला, यावर इथल्या जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

गॅलीप्रूफ

लेख आवडला. आपण एक गंमत राहू दिलीत, ती मी सांगतो, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. १९६० च्या दशकात अमेरिकी लेखकांच्या चिकित्सित, म्हणजे सर्व प्रती ताडून मजकूर ठरवलेल्या, आवृत्त्या सरकारी अनुदानावर निघू लागल्या तेव्हा एडमंड विल्सन या नामांकित समीक्षकाने १९६८ साली त्यांच्यावर जोरदार टीका केली. 'टॉम सॉयर'वर काम करणारे अठरा जण ती कादंबरी शब्दन्‌शब्द उलटी, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत आहेत, कारण सुलट वाचली तर गोष्टीत मन गुंतेल. आणि हे कशासाठी, तर पॉली मावशीतली 'मावशी' किती वेळा मोठ्या अक्षराने आणि किती वेळा लहान अक्षराने छापली गेली हे मोजण्यासाठी, अशी त्याने खिल्ली उडवली होती.

विल्सन मोठा समीक्षक असेल, परंतु त्याने छापखान्यात एक पाळी काढलेली नव्हती. मी पुण्यात सदतीस वर्षे मुद्रितशोधन केले, त्यातली पहिली अकरा खिळ्यांच्या छपाईतली. उलटे वाचन हा आमच्याकडे विनोदाचा विषय नव्हता. पंचांग, शब्दकोश आणि श्लोकांची पुस्तके यांचे अखेरचे मुद्रित आम्ही खालून वर वाचत असू, कारण ओळखीचा मजकूर डोळा वाचत नाही, तो फक्त ओळखतो आणि पुढे सरकतो. 'आशिर्वाद' हा शब्द सुलट वाचताना दहापैकी सहा जणांच्या नजरेतून सुटतो. एरवीच्या गद्याला दोन माणसे लागत: एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचणार, विरामचिन्हांसकट, 'स्वल्प', 'अर्ध', 'पूर्ण', 'अवतरण सुरू', 'अवतरण बंद', 'नवा परिच्छेद', आणि दुसरा ओल्या मुद्रितावर बोट ठेवून पाहणार. दुपारी तीनच्या सुमाराला दोघांनाही झोप येत असे आणि जास्तीत जास्त चुका त्याच फर्म्यांत सापडत. बर्कलीच्या मंडळींनी हे काम एकाच लेखकासाठी पिढ्यान्‌पिढ्या केले, यात हसण्यासारखे मला काही दिसत नाही.

तटस्थ

मूळ लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु पेनवर त्यात अन्याय झाला आहे असे माझे मत आहे. जोडाजोडीचे समर्थन कोणीच करणार नाही. मात्र १९०६ च्या जानेवारीत पेन चरित्राचा प्रस्ताव घेऊन ट्वेनकडे गेला नसता, तर लघुलेखिकेपुढे बसून आत्मचरित्र सांगण्याचा तो दीर्घ उपक्रम त्या स्वरूपात सुरूच झाला नसता. ट्वेनने त्याआधी अनेकदा आत्मचरित्र लिहायला घेऊन सोडले होते. बोलायला समोर ऐकणारा माणूस मिळाला तेव्हा तो पलंगावर उशांना टेकून सलग बोलू लागला. सत्तावीस वर्षे कागद एकत्र ठेवले, ही दुसरी गोष्ट. लेखकाच्या मागे घरातल्या घरात वाटणी होऊन कागद चार दिशांना जातात, हे आपल्याकडे किती वेळा झाले आहे! पेनने मजकुरात ढवळाढवळ केली. परंतु ती ढवळाढवळ ज्यांवरून सिद्ध झाली ते मूळ खर्डेही त्यानेच नष्ट न करता राखले. लबाड माणसाने ते चुलीत घातले असते.

दुसरा मुद्दा असा की आपण आज हर्स्ट यांच्या पद्धतीला प्रामाणिक म्हणतो, तिलाही एक बाजू आहे. खोडलेला शब्द लेखकाने खोडला होता, म्हणजे तो वाचकाला दिसू नये अशी त्याची इच्छा होती. ती इच्छा न मानणे ही ढवळाढवळ नव्हे काय?

शाईदौत

@तटस्थ, पेनबद्दल आपले म्हणणे बऱ्याच अंशी मान्य. 'चुलीत घातले असते' हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता.

खोडलेल्या शब्दांबद्दल मात्र मी असे म्हणेन की पत्र आणि पुस्तक यांत फरक करावा लागतो, आणि केंद्रानेही तो केला आहे. पुस्तकात लेखकाचा अंतिम हेतू शोधतात, तिथे खोडलेले शब्द मजकुरात येत नाहीत, ते मागे पाठभेदांत जातात. खासगी पत्र छापण्यासाठी लिहिलेलेच नसते. ज्याला ते मिळाले त्यानेही काट मारलेला शब्द पाहिला होता. शिवाय ट्वेनच्या काटीखालचे शब्द पुष्कळदा वाचता यावेत अशाच बेताने खोडलेले असत, विशेषतः लग्नाआधी ऑलिव्हियाला लिहिलेल्या पत्रांत. तिथे खोडणे हादेखील बोलण्याचाच एक प्रकार होता.

आत्मचरित्राचा विषय निघालाच आहे तर त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या केंद्राच्या माणसांचे काम नेमके कसे असते ते त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. 'मी गेल्यावर शंभर वर्षांनी छापा' असे ट्वेनने सांगितले होते आणि २०१० साली पहिला खंड निघाला, एवढी बातमी त्या वेळी मराठी वर्तमानपत्रांपर्यंतही पोचली असेल. बातमी अर्धीच खरी होती. स्वतः ट्वेननेच १९०६-०७ मध्ये त्यातले निवडक भाग मासिकातून छापले होते. पेनने १९२४ साली काही भाग काढला, डिव्होटोने १९४० साली निराळा काढला, आणि १९५९ साली चार्ल्स नायडर यांनी सगळे कालक्रमाने लावून एक आवृत्ती काढली. ट्वेनला नेमका कालक्रमच नको होता. आज सकाळी जे मनात येईल ते बोलावे, कंटाळा आला की विषय सोडावा, वर्तमानपत्रातल्या बातमीवरून पन्नास वर्षांपूर्वीच्या, बालपणीच्या हॅनिबल गावात जावे, अशी त्याची योजना होती.

बर्कलीच्या संपादकांपुढे होते ते पाच लाखांच्या आसपास शब्दांचे टंकलिखित, तेही एकेका दिवसाच्या एकापेक्षा अधिक प्रतींत, आणि त्यांवर अनेकांच्या हाताच्या खुणा. कोणती पेन्सिल ट्वेनची, कोणती पेनची आणि कोणती नंतरच्या संपादकाची, हे आधी लावायचे. मग कोणत्या प्रतीवरून कोणती प्रत उतरवली ते ठरवायचे, म्हणजे आपल्याकडे पोथ्यांची वंशावळ लावतात तसे. हे करता करता हॅरिएट एलिनॉर स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की, आजवर सगळे ज्याला अर्धवट ढीग समजत होते त्याचा आराखडा ट्वेनने १९०६ सालीच पक्का केला होता. सुरुवातीला काय यावे आणि कशानंतर काय यावे, हे त्याने ठरवून ठेवले होते. पेनपासून नायडरपर्यंत सर्वांना ढीग दिसला, कारण प्रत्येकाला त्यातून स्वतःचे पुस्तक काढायचे होते. विद्यापीठाच्या प्रकाशनाने पहिल्या खंडाच्या काही हजार प्रती छापायचे योजले होते. मागणी अशी आली की काही आठवड्यांत आकडा अडीच लाखांच्या पुढे गेला. पाठचिकित्सेच्या टिपांनी भरलेला, हातात धरवत नाही असा जाड ग्रंथ! उरलेले दोन खंड २०१३ आणि २०१५ साली आले.

शेमंगकाठची

मी गेली चौदा वर्षे न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिणेकडच्या भागात राहते, म्हणून या विषयातली दुसरी बाजू मांडते. ट्वेनच्या अभ्यासाचे एक केंद्र एल्मायरा या गावातही आहे आणि त्याची वृत्ती बर्कलीपेक्षा अगदी निराळी आहे. एल्मायरा हे ट्वेनच्या पत्नीचे माहेर. गावाबाहेर टेकडीवर तिच्या बहिणीचे, सुझन क्रेन यांचे, क्वारी फार्म नावाचे घर होते; तिथे हे कुटुंब अनेक उन्हाळे राहिले. क्लॅराचा जन्म १८७४ साली याच घरातला. त्याच वर्षी मेहुणीने ट्वेनसाठी घरापासून थोड्या अंतरावर आठ बाजूंची, सगळीकडून खिडक्या असलेली एक लहानशी खोली बांधून दिली. सतत ओढल्या जाणाऱ्या चिरुटांचा वास घराबाहेर राहावा, हाही त्यामागचा हेतू होता असे इथले लोक हसत सांगतात. 'टॉम सॉयर' आणि 'हकलबरी फिन' यांचा मोठा भाग त्या खोलीत लिहिला गेला.

१९८२ च्या अखेरीस ट्वेनच्या सासरच्या घराण्यातले वंशज जर्व्हिस लँगडन यांनी क्वारी फार्म एल्मायरा कॉलेजला दिले ते अशा अटीवर की त्याचे संग्रहालय करायचे नाही. ते अभ्यासकांना राहून काम करण्यासाठी ठेवायचे. त्यामुळे पर्यटकाला ते घर आतून सहसा पाहता येत नाही, आणि ट्वेनवर काम करणारा एखादा नवखा अभ्यासक मात्र तिथे मुक्काम करून, त्याच व्हरांड्यात बसून लिहू शकतो. दर चार वर्षांनी जगभरातले ट्वेन-अभ्यासक एल्मायरात जमतात. १९८९ पासून हा परिपाठ आहे. अष्टकोनी खोली १९५२ सालीच टेकडीवरून कॉलेजच्या आवारात आणली गेली, ती सर्वांना पाहता येते. मी मुलांना घेऊन गेले होते तेव्हा कॉलेजातलीच एक विद्यार्थिनी माहिती सांगत होती. माझ्या धाकट्याने तिला विचारले की इथे बसून तो लिहायचा तर खिडक्यांमुळे कागद उडायचे नाहीत का. ती शांतपणे म्हणाली, "उडायचे म्हणूनच तो विटांचे तुकडे ठेवून लिहायचा." ट्वेनने मित्राला लिहिलेल्या एका पत्रात तसा उल्लेख आहे, हे मी घरी येऊन तपासले.

माझे मत असे की बर्कलीची माणसे कागद राखतात आणि एल्मायराची माणसे जागा राखतात, आणि जागा राखण्यात मोह अधिक असतो. घराला तिकीट लावले असते तर पैसा आला असता. ते न लावण्याची अट पाळत राहणे हे मला एखाद्या खंडाच्या संपादनाइतकेच कष्टाचे काम वाटते.

जुनी पेटी

धागा वाचून मनात जे आले ते लिहिल्यावाचून राहवत नाही. माझे आजोबा फार प्रसिद्ध नव्हते, पण त्यांच्या दोन कादंबऱ्या एके काळी वाचनालयांतून फिरत असत. ते गेल्यावर आजीने त्यांची हस्तलिखिते, प्रकाशकांची पत्रे आणि रोजनिशा एका पत्र्याच्या पेटीत भरून ठेवल्या. पुढे वडिलांनी ती पेटी एका संस्थेला दिली. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण तिथली आताची माणसे वेगळी आहेत आणि दोष त्यांचा नाही. बारा वर्षांनी मी पाहायला गेले तेव्हा पेटी होती, आतले कागद नव्हते. पेटीत बल्बचे खोके ठेवले होते. नोंदवहीत मात्र 'पेटी १, कागदांसह' अशी सुवाच्य नोंद होती, आणि ज्यांनी ती मला दाखवली त्यांना स्वतःलाच इतके वाईट वाटले की मी त्यांचीच समजूत काढून परत आले. असे कागद घरी ठेवावेत की द्यावेत, हे आता मला कळेनासे झाले आहे.

शाईदौत

@जुनी पेटी, आपला अनुभव वाचून फार वाईट वाटले. सांत्वन म्हणून नव्हे, पण 'हकलबरी फिन'च्या बाबतीतही जवळपास हेच घडले होते. जेम्स ग्लक नावाच्या एका वकिलाने बफेलोच्या ग्रंथालयासाठी ट्वेनकडून या कादंबरीचे हस्तलिखित मागून घेतले. ट्वेनने आधी उत्तरार्ध आणि नंतर पूर्वार्ध पाठवला. उत्तरार्ध ग्रंथालयात राहिला, पूर्वार्ध ग्लक यांच्याकडे घरी राहिला असावा. ते १८९७ मध्ये अचानक वारले आणि त्यांच्या सामानाच्या पेटीबरोबर ती पाने कुटुंबासोबत कॅलिफोर्नियाला गेली. सर्वांनी पूर्वार्ध नष्ट झाला असे धरले. १९९० साली त्यांच्या नातींनी लॉस अँजेलिसमधल्या माळ्यावरची पेटी उघडली तेव्हा आत सहाशेहून अधिक पाने होती. मालकी कोणाची यावरून वाद झाला, तडजोड झाली, आणि पाने बफेलोला परत गेली.

बर्कलीच्या संपादकांच्या दृष्टीने यातला खरा धक्का पुढे आहे. त्यांनी १९८८ साली, अनेक वर्षे खपून, या कादंबरीची चिकित्सित आवृत्ती नुकतीच काढली होती, ती अर्ध्याच हस्तलिखिताच्या आधाराने. व्हिक्टर फिशर आणि लिन सालामो यांनी सगळे काम पुन्हा केले आणि २००३ साली नवी आवृत्ती आली. ट्वेनने १८७६ साली कादंबरी कुठे अर्धवट सोडली, याविषयी डिव्होटोच्या काळापासून चालत आलेले अनुमान त्यात मोडले. तराफ्यावर आगबोट आदळते तिथे, सोळाव्या प्रकरणात, तो थांबला असे सगळे मानत. हस्तलिखितावरून दिसले की तो आणखी पुढे, अठराव्या प्रकरणात, दोन घराण्यांच्या वैराच्या कथेत मध्येच थांबला होता.

कागद द्यावेत की ठेवावेत याचे उत्तर माझ्याकडे नाही. द्यायचे झाल्यास आधी पानन्‌पान फोटो काढून ठेवावेत आणि पोचपावतीवर 'पेटी' न लिहिता पानांची संख्या लिहून घ्यावी, एवढे मात्र आता मी सर्वांना सांगेन.

तटस्थ

फोटोवरून आठवले. आपण केंद्राच्या मोकळेपणाबद्दल लिहिले, त्यात २००१ सालच्या मायक्रोफिल्मचा उल्लेख हवा होता. अमेरिकेच्या कायद्याने जुन्या लेखकांचे अप्रकाशित लेखन २००३ च्या आरंभी सर्वांसाठी मुक्त होणार होते. त्याआधी ते प्रकाशित केले तर हक्क २०४७ पर्यंत टिकणार होता. म्हणून ट्वेनची अप्रकाशित पत्रे आणि लेखन २००१ साली मायक्रोफिल्मवर 'प्रकाशित' करण्यात आले. मायक्रोफिल्म कोण विकत घेऊन वाचतो? १९२६ च्या पत्रातला 'मालमत्ता' हा शब्द इथे मला पुन्हा ऐकू येतो.

शाईदौत

आक्षेप रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही. हक्क विद्यापीठाचा नसून ट्वेनच्या नावाने असलेल्या न्यासाचा आहे, आणि संपादनाचे काम सरकारी अनुदान व देणग्या यांवर चालते, या गोष्टी लक्षात घेतल्या तरी युक्ती ती युक्तीच. फरक एवढाच की पेन दार लावून बसला होता. या मंडळींनी २००७ पासून संपादित मजकूर, टिपा आणि पत्रे संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवली आहेत. ट्वेनच्या नावावर खपणारी खोटी वाक्येही लोक त्यांनाच विचारतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या उन्हाळ्याइतका गारठलेला हिवाळा आपण पाहिला नाही, हे या भागात प्रत्येक कपावर छापलेले वाक्य ट्वेनच्या कोणत्याही लेखनात सापडलेले नाही. मी स्वतः तो कप वापरतो.

काळाघोडा

ट्वेन मुंबईत आला होता, त्याबद्दल या कागदांत काही आहे काय? ज्या इमारतीवरून मी रोज कचेरीत जातो, त्या जुन्या वॉटसन हॉटेलात तो उतरला होता असे ऐकून आहे.

शाईदौत

खरे आहे. टंकजुळणीच्या एका यंत्रात आणि स्वतःच्या प्रकाशनसंस्थेत पैसा बुडाल्यावर कर्ज फेडण्यासाठी तो १८९५ साली जगभर व्याख्याने देत निघाला आणि जानेवारी १८९६ मध्ये मुंबईला पोचला. पत्नी आणि क्लॅरा बरोबर होत्या. पुढे अर्धे शतक ज्या बाईच्या संमतीवाचून वडिलांचे एक पान छापता येत नव्हते, ती एकविसाव्या वर्षी आपल्या काळा घोड्याजवळच्या हॉटेलात राहून गेली होती. १८९७ साली निघालेल्या 'फॉलोइंग द इक्वेटर'मध्ये मुंबईवर बरीच पाने आहेत. कावळ्यांवरचा मजकूर तर असा की त्याने खिडकीत बसून दुसरे काही पाहिले की नाही अशी शंका यावी.

प्रवासात तो खिशातल्या वहीत टिपणे करत असे. केंद्राने या टिपणवह्यांचे तीन छापील खंड काढले आहेत, ते १८९१ पर्यंत येऊन थांबतात. त्यापुढच्या वह्या बर्कलीत आहेत. पेनने १९३५ साली त्यांतला निवडक मजकूर छापला होता. त्याच्या निवडीवर किती भरवसा ठेवायचा ते वर आलेच आहे. पुढच्या खेपेस १८९६ ची वही मागून मुंबईची पाने वाचायचा विचार आहे. वाचली तर इथेच लिहीन.

गॅलीप्रूफ

अवश्य लिहावे. जाता जाता एक किरकोळ गोष्ट. आपल्या मूळ लेखात मृत्युपत्राच्या वाक्यात 'क्लॅरा'ची 'क्लारा' झाली आहे. बाकी सर्वत्र 'क्लॅरा' आहे. सवय जात नाही, मी आपला लेख काल रात्री खालून वर वाचला.

शाईदौत

काका, साष्टांग नमस्कार. संपादनाची मुदत संपल्यामुळे मला आता बदल करता येत नाही. व्यवस्थापकांना विनंती केली आहे. त्यांनी दुरुस्ती केलीच तर जुना शब्द खोडलेला दिसेल असा ठेवावा, असेही कळवले आहे.